१२० चा रोल आजही घ्यावा का? मीडियम फॉरमॅट फिल्मबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मीडियम फॉरमॅट म्हणजे नेमकं काय?

१२० नावाच्या रोलवर फोटो काढणारे कॅमेरे. कोडॅकने हा रोल १९०१ मध्ये ब्राउनी कॅमेऱ्यासाठी आणला. सुमारे सहा सेंटिमीटर रुंद फिल्म आणि तिच्या पाठीला काळा कागद ही रचना तेव्हापासून तशीच आहे. रोल एकच असला तरी फ्रेमचा आकार कॅमेऱ्यावर ठरतो. ६×४.५ मध्ये १५ किंवा १६ फोटो बसतात, ६×६ मध्ये १२, ६×७ मध्ये १० आणि ६×९ मध्ये ८. जुने स्टुडिओवाले ‘बारा फोटोंचा रोल’ म्हणतात तो हाच.

३५ मिमीपेक्षा खरंच फरक पडतो?

३५ मिमीची फ्रेम २४×३६ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. ६×६ ची प्रत्यक्ष फ्रेम सुमारे ५६×५६ मिमी, म्हणजे ३,१३६ चौरस मिमी. साडेतीन पटींहून जास्त. त्यामुळे त्याच फिल्मचे दाणे तेवढ्याच आकाराच्या प्रिंटमध्ये बारीक दिसतात आणि करड्या छटा एकीतून दुसरीत अलगद उतरतात. मात्र फोटो फक्त मोबाइलवर बघायचे असतील तर यातलं फारसं काही हाती लागत नाही. १२×१२ इंचांची प्रिंट काढली की फरक सांगावा लागत नाही.

हा बाजार एवढा आटला कसा?

डिजिटल आलं आणि फिल्म गेली, हे उत्तर अपुरं आहे. मीडियम फॉरमॅट हौशी लोकांपेक्षा लग्नाचे फोटोग्राफर, स्टुडिओ आणि जाहिरातवाले यांच्या खरेदीवर उभा होता. हे गिऱ्हाईक २००० नंतरच्या पाच-सात वर्षांत एकगठ्ठा डिजिटलकडे गेलं. ३५ मिमीला हौशी माणूस उरला, १२० ला तोही फारसा नव्हता.

मग कॅमेरा बनवणारे एकेक करून उठले. ब्रॉनिकाचं उत्पादन टॅमरॉनने २००४-०५ च्या सुमारास गुंडाळलं. २००५ मध्ये क्योसेराने कॉन्टॅक्समधून अंग काढून घेतलं. २००६ मध्ये मामियाचा कॅमेरा व्यवसाय दुसऱ्या कंपनीकडे गेला. ब्राउनश्वाइगमध्ये १९२९ पासून रोलायफ्लेक्स बनवणाऱ्या कारखान्यावर २००९ मध्ये दिवाळखोरीची वेळ आली. हॅसलब्लाडने १९५७ च्या ५०० सी पासून चालत आलेल्या घराण्यातला शेवटचा ५०३ सीडब्ल्यू २०१३ मध्ये बंद केला. आज नवा कॅमेरा म्हणून जे मिळतं ते मुख्यत्वे होल्गासारखं प्लॅस्टिकचं खेळणं किंवा लोमोग्राफीचे काही नमुने.

फिल्मची अडचण वेगळी आहे. १२० ची पट्टी ३५ मिमीपेक्षा पातळ असते. तिचा पाया वेगळा, त्यामुळे रसायनाचा लेप देण्याची फेरीही वेगळी काढावी लागते. एका फेरीत निघणाऱ्या भल्यामोठ्या रुंद गुंडाळीतून हजारो रोल कापले जातात. ते मुदतीत खपणार नसतील तर ती फेरी लागतच नाही. म्हणून एखादी फिल्म ३५ मध्ये असते आणि १२० मध्ये कधी येतच नाही. शिवाय पाठचा कागद. तो प्रकाशबंद हवा, त्यावरच्या शाईने फिल्मला डाग पडता कामा नयेत, आणि असा कागद बनवणारे जगात मोजकेच.

भारतात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल होता. १९६० मध्ये स्थापन झालेली ही सरकारी कंपनी नव्वदच्या दशकात आजारी उद्योगांच्या यादीत गेली आणि पुढे बंद पडली. तेव्हापासून आपल्याकडचा प्रत्येक रोल बाहेरून येतो.

मग सेकंडहँड कॅमेरे महाग कसे होत चाललेत?

नवा माल येत नाही, जुना दरवर्षी थोडा बाद होतो, आणि गेल्या दहाएक वर्षांत तरुण मंडळी फिल्मकडे वळली आहेत. भाव वाढला याचा अर्थ बाजार सुधारला असा घेऊ नका. फिल्मच्या आधी आटतं ते तिच्या भोवतालचं सगळं: दुरुस्ती करणारा हात, सुटे भाग, १२० घेणारी लॅब. म्हणून खरेदीचा क्रम उलटा ठेवा. आधी रोल कुठे धुतला जाईल ते बघा, मग कॅमेरा कोण दुरुस्त करेल ते, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी.

उद्या १२० फिल्मच बंद झाली तर?

लगेच होण्याची चिन्हं नाहीत. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याच वर्षी एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म बंद केली. पण २०१८ मध्ये ती ३५ मिमीत परत आली आणि पुढच्या वर्षी १२० मध्येही. २०२२ मध्ये गोल्ड २०० ही साधी, त्यातल्या त्यात परवडणारी रंगीत फिल्मही १२० मध्ये निघाली. फुजी मात्र मागे सरकते आहे. प्रो ४००एच ही रंगीत फिल्म २०२१ मध्ये गेली. अ‍ॅक्रॉस ही कृष्णधवल फिल्म २०१८ मध्ये बंद होऊन २०१९ मध्ये नव्या रूपात आली.

भरवसा ठेवायचाच तर कृष्णधवलवर ठेवा. इलफर्डवर २००४ मध्ये गंडांतर आलं, पण तिथल्याच व्यवस्थापकांनी ती विकत घेतली आणि हार्मन या नावाने एचपी५ आणि एफपी४ या कृष्णधवल फिल्म चालू ठेवल्या. चेक प्रजासत्ताकातली फोमा स्वस्त पर्याय देते. कृष्णधवल रोल घरीही धुता येतो, त्यामुळे लॅब बंद पडली म्हणून तुमचं काम अडत नाही.

रोलवर २२० किंवा ६२० लिहिलंय. चालेल?

२२० म्हणजे पाठीला कागद नसलेला, दुप्पट लांबीचा रोल. मोठ्या कंपन्यांनी तो बंद केला आहे. फक्त २२० चं मॅगझिन (कॅमेऱ्याच्या मागे लावायचा फिल्मचा डबा) स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. ६२० ची फिल्म १२० चीच असते, फक्त रीळ बारीक दांड्याचं. जुन्या कोडॅकमध्ये ६२० लागत असेल तर काळ्या पिशवीत हात घालून १२० चा रोल ६२० च्या रिळावर गुंडाळावा लागतो. ६२० ची दोन रिकामी रिळं हाताशी असल्याशिवाय असा कॅमेरा घेण्यात अर्थ नाही.

आजोबांचा आग्फा क्लिक थ्री कपाटात सापडला. वापरता येईल?

हो. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तो निघतो आणि त्याला आजही १२० चाच रोल लागतो. आत बिघडण्यासारखं फार नाही. भिंग मऊ कापडाने पुसा, शटर दहा-बारा वेळा दाबून उघडमीट होते का ते मागून बघा.

दोन गोष्टी सांभाळा. एक, फिल्म १०० आयएसओची घ्या (हा आकडा जितका मोठा तितकी फिल्म कमी प्रकाशात चालते). हा कॅमेरा मंद फिल्मच्या काळातला आहे. ४०० ची फिल्म भर उन्हात चार-पाच स्टॉप जादा प्रकाश खाते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). दोन, पाठीमागची लाल खिडकी. पूर्वीच्या बऱ्याच फिल्मना लाल रंग दिसत नसे, आजच्या फिल्मना दिसतो. खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा आणि रोल पुढे सरकवताना सावलीत तेवढ्यापुरती उचला. नाहीतर फोटोच्या मधोमध लालसर किंवा पांढुरका गोळा येतो आणि दोष भिंगाच्या माथी जातो.

पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

बॅटरीवाचून चालणारा. याशिका मॅट १२४जी (१९७० ते १९८६) हा दोन भिंगांचा कॅमेरा आपल्याकडे बऱ्यापैकी आढळतो. त्याचा प्रकाश मोजणारा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचा; ती आता बनत नाही आणि १.५ व्होल्टची घातली की मीटर चुकीचं वाचन देतो. काही बिघडत नाही. शटर यांत्रिक आहे, प्रकाश मोबाइलच्या मीटर अ‍ॅपवर मोजा.

मामिया आरबी६७ पूर्ण यांत्रिक, दणकट, आणि भिंगासकट अडीच किलोंच्या वर. तिपाईवर चढवून स्टुडिओत काम करायचं असेल तर याच्याइतकं पैसे वसूल करणारं यंत्र नाही. गळ्यात अडकवून रायगड चढायचा विचार असेल तर सोडून द्या. आरझेड६७, ब्रॉनिका एसक्यू-ए आणि पेंटॅक्स ६७ यांना बॅटरी लागते. पेंटॅक्सचा मीटरवाला प्रिझम (वरचा, डोळा लावून बघायचा भाग) भिंग लावलेलं असताना बसवला किंवा काढला तर आतली बारीक साखळी तुटू शकते. आधी प्रिझम, मग भिंग, हा क्रम चुकवू नका. कॉन्टॅक्स ६४५ ची भिंगं सुंदर, पण आत सगळं इलेक्ट्रॉनिक आणि कंपनी २००५ मध्येच बाहेर पडलेली. त्यात पैसे घालावेत असं आम्हाला वाटत नाही.

सेकंडहँड घेताना काय तपासू?

टॉर्च, भिंग काढता येत नसेल तर छोटा आरसा, आणि शक्य असल्यास वाया गेलेला एक रोल बरोबर न्या.

शटर एक सेकंदावर ठेवून दाबा. आतून एकसारखी ‘कर्रर्र’ ऐकू येऊन शेवटी टक असा आवाज यायला हवा. आवाज मध्येच रेंगाळला किंवा पाती उघडीच राहिली तर आतलं वंगण वाळलं आहे. हा दोष दुरुस्त होतो, पण सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरा. १/५०० चांगलं चालतं म्हणून विक्रेता तेवढंच दाखवतो. दोष आधी दिसतो तो मंद वेगावर.

मग एपर्चर (भिंगातलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा आणि भिंगात तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे म्हणजे बुरशी. मुंबई-कोकणातल्या कॅमेऱ्यात ती नसेल तर नवल. काठाशी एखादा धागा असेल तर चालतं. मधे पसरलेली बुरशी काचेवरचा लेप खाते, आणि साफ केल्यावरही तो खड्डा जात नाही.

भाता असलेला कॅमेरा (आरबी६७ लाही आहे) अंधाऱ्या खोलीत न्या, आत टॉर्च ठेवा, भाता पूर्ण ताणा आणि घड्यांच्या कोपऱ्यांवर नजर फिरवा. सुईच्या टोकाएवढा ठिपका चमकला तरी प्रत्येक फ्रेमवर धुरकट पट्टा येणार. मागच्या झाकणातला फोम बोटाला काळा, चिकट लागत असेल तर तो बदलायचा आहे. हे काम स्वस्त आहे आणि घरी करता येतं.

दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात फोटो काढणारं आणि बघायचं भिंग एकाच अंतरावर जुळलेलं आहे का ते पाहा. फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, शटर ‘बी’वर (बटण दाबून ठेवेपर्यंत शटर उघडं राहतं ती खूण) उघडं धरा, दूरचा विजेचा खांब वरच्या काचेवर स्पष्ट करा. खालच्या कागदावर तो अंधुक दिसला तर कॅमेरा कधीतरी पडलेला आहे.

शेवटी वाया रोल घालून पूर्ण गुंडाळा. प्रत्येक फ्रेम पेनाने खुणावली तर फ्रेममधली अंतरं कळतात. एकावर एक चढत असतील तर गिअर झिजलेत, आणि त्यांचे सुटे भाग मिळणं अवघड.

हॅसलब्लाड अडकलाय. भिंग निघत नाही, शटर पडत नाही.

आधी मॅगझिनमधली काळी पट्टी काढली आहे का ते बघा. ती आत असेपर्यंत शटर पडत नाही. ती काढूनही अडलं असेल तर बहुधा कॅमेऱ्याचं यंत्र ताणलेलं आणि भिंगातलं शटर मात्र न ताणलेलं, असा बेमेळ झाला आहे. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये लावायची नळी) वापरताना हे हमखास होतं. ५०० मालिकेत मॅगझिन काढा, मागच्या दोन झडपा हलकेच बाजूला करा. भिंगाच्या मागे एका बाजूला खाच असलेला छोटा दांडा दिसेल. लांब, अरुंद स्क्रूड्रायव्हरने तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, जवळजवळ पूर्ण फेरा, ‘टक’ होईपर्यंत फिरवा. भिंग सुटतं. हात निसटला तर मागच्या काचेवर ओरखडा जातो, तेव्हा हात थरथरत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. आणि जबरदस्ती कुठेच करू नका.

रोल भरताना काय चुकतं?

पहिली चूक म्हणजे रिकामं रीळ फेकून देणं. पुढचा रोल त्याच्यावरच गुंडाळला जातो. सेकंडहँड कॅमेऱ्यात रीळ नसेल तर लॅबमध्ये मागा, त्यांच्याकडे डबाभर पडलेली असतात.

सावलीत उभे राहा. नवा रोल खालच्या जागी, रिकामं रीळ वर. कागदाचं टोक खाचेत सरळ घाला, दोन फेरे द्या आणि कागद दोन्ही कडांना सारखा बसला का बघा. तिरका बसला तर रोल एका बाजूला फुगतो. कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेसमोर आला की झाकण बंद करा आणि १ आकड्यापर्यंत फिरवा. बाणाच्या पुढे जाऊन झाकण लावलं तर शेवटची फ्रेम अर्धी कापली जाते.

भरताना अंगठ्याने रोलवर थोडा दाब ठेवा. सैल गुंडाळलेला ‘जाडा रोल’ बाहेर काढला की कडांमधून प्रकाश शिरतो आणि फोटोच्या दोन्ही बाजूंना काळपट झळा येतात, अर्थात निगेटिव्हवर. रोल संपला की टोक आत दुमडा, कागदी पट्टी ओली करून घट्ट चिकटवा आणि लगेच काळ्या डबीत टाका.

निगेटिव्हवर आकडे आणि ठिपके उमटलेत!

पाठच्या कागदावरची छपाई फिल्मवर उतरली. २०१६ च्या सुमारास कोडॅकच्या काही रोलमध्ये ही तक्रार बरीच होती, नंतर कागद बदलला गेला. उष्णता, दमटपणा आणि मुदत संपलेला रोल यांनी ती अजूनही होते. ठिपके निळ्या आकाशात सर्वांत जास्त दिसतात. धुऊन झाल्यावर इलाज नाही.

रोल धुवायचा कुठे?

रंगीत रोल सी-४१ पद्धतीने ३७.८ अंशांवर, डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) ३ मिनिटं १५ सेकंद धुतला जातो. नाक्यावरचा मिनीलॅब तो ३५ मिमीसाठीच करत असे. १२० साठी वेगळा जोड लागतो. म्हणून रोल कुरिअरने पाठवण्याआधी ‘१२० घेता का, रोज धुता का आठवड्यातून एकदा, निगेटिव्ह कापून देता का’ हे विचारा. आठवड्याने धुणाऱ्याची रसायनं शिळी असू शकतात.

कृष्णधवल घरी धुवा. डी-७६ डेव्हलपर तयार पावडर मिळाली नाही तर असा बनवता येतो: ७५० मिली पाणी ५० अंशांना, त्यात चिमूटभर सोडियम सल्फाइट, मग मेटॉल २ ग्रॅम, ते विरघळल्यावर उरलेलं निर्जल सल्फाइट (एकूण १०० ग्रॅम), हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, आणि पाणी घालून १ लिटर. सल्फाइट आधीच सगळं टाकलं तर मेटॉल विरघळत नाही, तळाशी बसतं. हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या कातडीला पुरळ येतं.

पॅटरसनच्या टाकीत १२० च्या एका रोलला ५०० मिली लागतं. एचपी५ प्लससाठी २५० मिली डी-७६ आणि २५० मिली पाणी, २० अंशांना ११ मिनिटं. पहिले दहा सेकंद टाकी चार वेळा उलटी करा, नंतर दर मिनिटाच्या सुरुवातीला चार वेळा. मग पाण्याने खळबळा, रॅपिड फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) १ भाग आणि पाणी ४ भाग असं पाच मिनिटं. धुताना टाकी ताज्या पाण्याने भरून पाच वेळा उलटी करा, पाणी बदला, दहा वेळा. पुन्हा बदला, वीस वेळा. शेवटचं पाणी आरओचं आणि त्यात वेटिंग एजंटचे थेंब, म्हणजे डाग राहत नाहीत.

एप्रिल-मे मध्ये नळाचं पाणी ३० अंशांवर असतं. टाकी बर्फाच्या घमेल्यात ठेवा, बर्फ आत टाकू नका. २४ अंशांवर काम करायचं ठरवलं तर वेळ सुमारे साडेसात ते आठ मिनिटं धरा.

रिळावर फिल्म चढवताना सगळ्यात जास्त नुकसान होतं. अंधारात कागद उलगडत गेलात की फिल्मचं मोकळं टोक आधी हाताला लागतं, चिकटपट्टीचं टोक शेवटी. पट्टी झटक्यात ओढू नका, स्थिर विजेची ठिणगी उमटते. ती सावकाश सोडवून फिल्मच्याच टोकावर दुमडली तर टोक कडक होतं आणि रिळात सहज सरकतं. बोटाने फिल्म मुडपली की तिथे चंद्रकोरीसारखी काळी खूण येते. प्लॅस्टिकचं रीळ ओलं असेल तर फिल्म मध्येच अडते. पावसाळ्यात ते आधी हेअर ड्रायरने वाळवा.

स्कॅनला मोठा खर्च येतो का?

फ्लॅटबेड स्कॅनर पुरतो. खोक्यावर ६४०० लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात २३०० डीपीआयच्या आसपास तपशील मिळतो. ५६ मिमी म्हणजे २.२ इंच, तेव्हा ६×६ मधून साधारण ५,००० बाय ५,००० पिक्सेल. २५ मेगापिक्सेल झाले. फिल्म वाकडी असेल तर जाड पुस्तकाखाली दोन दिवस ठेवा. काचेला चिकटली की इंद्रधनुषी वलयं येतात.

पावसाळ्यात आणि विमानप्रवासात?

कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता ४० ते ५० टक्के. न वापरलेला रोल फ्रिजमध्ये, पण फोडण्याआधी दोन-तीन तास बाहेर, नाहीतर घाम सुटतो. विमानात रोल चेक-इन सामानात कधीच नको. हातातल्या सामानाचं सीटी स्कॅनर असेल तर रोल पारदर्शक पिशवीत काढून हाताने तपासायची विनंती करा.

एक फोटो कितीला पडतो?

रोल, धुलाई आणि स्कॅन यांची बेरीज भागिले फ्रेम. समजा तिन्ही मिळून १,८०० रुपये झाले, तर ६×६ मध्ये फोटो १५० रुपयांना आणि ६×७ मध्ये १८० ला. परदेशातून रोल मागवताना सीमाशुल्क आणि जीएसटी यात धरा. घरी धुतला तर धुलाईचा आकडा बराच खाली येतो, म्हणून टाकीचे पैसे थोड्याच रोलमध्ये सुटतात.

त्यापेक्षा डिजिटल मीडियम फॉरमॅट घेऊ?

रोजचं व्यावसायिक काम असेल तर घ्या. एवढं लक्षात असू द्या की फुजीच्या जीएफएक्स मालिकेचा सेन्सर साधारण ४४×३३ मिमीचा आहे, ६×४.५ ची फिल्मसुद्धा त्याहून मोठी.

जुन्या कॅमेऱ्यात अर्धवट वापरलेला रोल सापडला. काय करू?

झाकण उघडू नका. खोलीत अंधार करून रोल शेवटपर्यंत गुंडाळा. कागद पूर्ण सुटला की फिरवणं एकदम हलकं होतं. मगच काढा आणि पट्टीवर काय छापलंय ते वाचा. सी-२२ असेल तर ती सी-४१ च्या आधीची, १९७२ पूर्वीची पद्धत आहे. तो रोल आजच्या सी-४१ मध्ये दिला तर लेप सुटून लॅबची रसायनं खराब होऊ शकतात. कृष्णधवल म्हणूनच धुवा, रंग मिळणार नाहीत. रोल कोणाकडे धुवायला देणार असाल तर पाकिटावर ‘जुना रोल, फक्त कृष्णधवल डेव्हलपर’ असं ठळक लिहा, कारण काउंटरवरचा माणूस आणि धुणारा माणूस बहुतेक वेळा वेगळे असतात.